आवक आणि जावक

कोणत्याही कार्यालयात टपालाच्या दोन नोंदवह्या असतात. बाहेरून आलेले पत्र आवक वहीत नोंदले जाते, बाहेर जाणारे जावक वहीत. दोन्ही वह्या एकाच टेबलावर शेजारी-शेजारी असतात, बहुधा एकच लिपिक त्या सांभाळतो, आणि त्यामुळे आवक व जावक ही एकाच कामाची दोन अंगे आहेत अशी आपली समजूत होते. ई-मेलकडेही आपण याच समजुतीने पाहतो. पत्रे येत आहेत, त्या अर्थी ती जातही असणार, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात संगणकावरील आवक आणि जावक ही दोन स्वतंत्र कामे आहेत. ती वेगळ्या नियमांनी चालतात, आणि बहुतेक ठिकाणी ती करणारी यंत्रेही वेगळी असतात. एकाच जागी बसून काम करणाऱ्याला हा भेद सहसा जाणवत नाही. लॅपटॉप घेऊन गावोगाव फिरणाऱ्याला मात्र तो जाणवतो, आणि तोही पुष्कळदा वेळ निघून गेल्यावर.

समजा, इंदूरला राहणाऱ्या एक भाषांतरकार आहेत. पुण्याच्या एका प्रकाशनसंस्थेसाठी त्या इंग्रजी पुस्तकांची मराठी भाषांतरे करतात. घरी इंटरनेटची जोडणी देणाऱ्या कंपनीकडूनच त्यांना ई-मेलचा पत्ताही मिळालेला आहे. काही वर्षांपूर्वी एका परिचिताने त्यांच्या लॅपटॉपवर ई-मेलची आज्ञावली बसवून दिली. तेव्हापासून त्यांनी तिच्या सेटिंगला हात लावलेला नाही. भाचीच्या लग्नासाठी त्या बडोद्याला जातात. पुस्तकाचे शेवटचे प्रकरण सोमवारी सकाळपर्यंत पुण्याला पोहोचायचे आहे. रविवारी रात्री त्या यजमानांच्या वायफायला लॅपटॉप जोडतात. संपादकांचे स्मरणपत्र लगोलग पडद्यावर दिसते. म्हणजे जोडणी चालू आहे! उत्तराला प्रकरण जोडून त्या 'पाठवा' हे बटण दाबतात, लॅपटॉप मिटतात आणि लग्नघराच्या कामाला लागतात.

सोमवारी दुपारी पुण्याहून फोन येतो. प्रकरण आलेले नाही. बाई सांगतात, ते कालच रात्री पाठवले. दोघांचेही म्हणणे खरे असते, कारण पत्र अद्याप लॅपटॉपमधून बाहेरच पडलेले नसते. 'आउटबॉक्स' नावाच्या कप्प्यात ते थांबून राहिलेले असते. घरून काम करणाऱ्या माणसाजवळ दिलेल्या मुदतीवाचून दुसरे भांडवल थोडेच असते. एकदा शब्द चुकला, की पुढचे पुस्तक दुसऱ्याकडे जाते. आणि 'मी पाठवले होते' या वाक्यावर विश्वास ठेवायला संपादकांजवळ काही कारण नसते.

असे का घडते, हे समजण्यासाठी ई-मेलचा मार्ग पाहावा लागतो. आपण पाठवलेले पत्र सरळ पुण्याच्या संगणकात जाऊन पडत नाही. ते आधी एका जावक सर्व्हरच्या हाती दिले जाते. सर्व्हर म्हणजे अहोरात्र चालू असलेला आणि इतर संगणकांची कामे करून देणारा संगणक. हा सर्व्हर पत्त्यातील 'ॲट' या चिन्हाच्या पुढचे नाव वाचतो, त्या नावाचे टपाल कोण स्वीकारतो याची इंटरनेटच्या नामसूचीत चौकशी करतो आणि पत्र त्या दुसऱ्या सर्व्हरकडे पोहोचते करतो. तेथे ते संपादकांच्या पेटीत पडून राहते. संपादक आपल्या सोयीने ती पेटी उघडतात. म्हणजे पत्राच्या प्रवासातील पहिली पायरी, लॅपटॉपपासून जावक सर्व्हरपर्यंतची, हीच काय ती पाठवणाऱ्याच्या हातात असते. आपले उदाहरण याच पायरीवर अडखळले आहे.

ही देवघेव ज्या नियमांनी होते त्यांना 'एसएमटीपी' म्हणतात. जोनाथन पोस्टेल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने ऑगस्ट १९८२ मध्ये 'आरएफसी ८२१' या क्रमांकाच्या दस्तऐवजात ते मांडले. दोन संगणकांमधील हे एक साधे संभाषण आहे. पाठवणारा प्रथम अभिवादन करतो आणि आपले नाव सांगतो. (अभिवादनाचा इंग्रजी शब्दही येथे एक अक्षर कापून घेतलेला आहे, कारण प्रत्येक आज्ञा चार अक्षरांत बसवायची होती.) मग पत्र कोणाकडून आहे, कोणाला आहे हे तो सांगतो आणि शेवटी मजकूर देतो. सर्व्हर प्रत्येक वाक्याला तीन आकडी उत्तर देतो. २५० हा आकडा आला म्हणजे 'ठीक आहे' असे समजायचे. या संपूर्ण संभाषणात एक प्रश्न मात्र कोठेही नव्हता : आपण जे नाव सांगता ते आपलेच आहे, याला पुरावा काय?

तो प्रश्न त्या वेळी कोणाला सुचला नाही, यात नवल नाही. विद्यापीठे, संशोधनसंस्था आणि लष्करी कार्यालये यांतील मोजके मोठे संगणक परस्परांना जोडलेले होते. ते आपल्या जागेवरून हलत नसत. कोणीही आणून दिलेले पत्र पुढे सरकवणे हा शेजारधर्म होता. वाटसरूच्या हाती पुढच्या गावची चिठ्ठी द्यावी, तसा हा व्यवहार होता. त्याचा गैरफायदा घेता येतो, याची चुणूक खरे तर त्याआधीच मिळाली होती. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क या विक्री अधिकाऱ्याने आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात 'अर्पानेट' या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना एकदम पाठवली होती आणि त्याबद्दल बरीच नाराजी ओढवून घेतली होती. १९९० नंतरच्या दशकात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले (भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने ही सेवा जनतेला दिली) आणि अशा अनाहूत जाहिरातींचा महापूर आला. जाहिरातदार कोठल्या तरी परक्या सर्व्हरच्या दारात लक्षावधी पत्रांचा ढीग टाकून जात आणि तो बिचारा ती इमानाने वाटत बसे.

तेव्हा सर्व्हरांनी दारे लावून घेतली. आता ओळखीचा माणूस कोण आणि परका कोण हे ठरवायचे कसे? त्यासाठी एक सोपी खूण सापडली. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांकाचा पत्ता मिळतो, आणि तो क्रमांक जोडणी देणारी कंपनी आपल्या वाट्याच्या क्रमांकांतून देते. कंपनीचा जावक सर्व्हर समोरच्याचा क्रमांक पाहू लागला. क्रमांक आपल्या जाळ्यातला असेल, तर तो आपला ग्राहक. त्याने दिलेले पत्र जगात कोठेही पाठवावे. क्रमांक बाहेरचा असेल, तर केवळ आपल्या ग्राहकांच्या नावे आलेले पत्र घ्यावे, बाकीचे नाकारावे. कार्यालयाच्या आवारात उभा असलेला कोणीही जावक लिपिकाच्या हाती पाकीट देऊ शकतो, रस्त्यावरून आलेल्याला मात्र ती मुभा नाही, असाच हा नियम झाला. म्हणजे माणूस ओळखला गेला तो त्याच्या जागेवरून.

आवकेची पद्धत याहून अगदी निराळी होती. पेटीतील पत्रे वाचण्यासाठी 'पॉप' किंवा 'आयमॅप' या नावांचे दुसरे नियम वापरले जातात आणि त्यांत वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड विचारण्याची रीत प्रारंभापासून आहे. दुसऱ्याची पत्रे कोणी वाचू नयेत, ही काळजी सर्वांनाच होती. दुसऱ्याच्या नावाने पत्रे कोणी पाठवू नयेत, ही काळजी मात्र मागाहून सुचली. परिणामी आवक सर्व्हर विचारतो, 'आपण कोण?' आणि जुन्या पद्धतीचा जावक सर्व्हर विचारतो, 'आपण कोठून बोलत आहात?' पहिल्या प्रश्नाचे उत्तर बडोद्यातही तेच राहते. दुसऱ्याचे बदलते. स्मरणपत्र आले आणि प्रकरण गेले नाही, याचे मूळ येथे आहे.

जावकेच्या वाटेवर आणखी एक अडसर आहे. एकाच सर्व्हरवर अनेक प्रकारची कामे चालतात आणि प्रत्येक कामाचे दार वेगळे असते. या दारांना 'पोर्ट' म्हणतात व ती क्रमांकांनी ओळखली जातात. एसएमटीपीचे मूळ दार २५ क्रमांकाचे. पुढे घरोघरच्या संगणकांत विषाणू शिरले आणि मालकाला पत्ता लागू न देता ते संगणक जगभरच्या सर्व्हरांच्या २५ क्रमांकाच्या दारांवर कचरापत्रे नेऊन टाकू लागले. त्यावर उपाय म्हणून जोडणी देणाऱ्या अनेक कंपन्यांनी घरगुती ग्राहकांची बाहेर २५ क्रमांकाकडे जाणारी वाटच बंद केली. हॉटेले, महाविद्यालये आणि कार्यालये यांच्या जाळ्यांतही पुष्कळदा हीच व्यवस्था असते.

या दोन अडसरांची लक्षणे मात्र वेगवेगळी आहेत, आणि ती ओळखता आली तर अर्धे काम होते. पहिल्यात सर्व्हरची भेट होते आणि तो ताबडतोब नकार देतो. सूचनेत बहुधा ५५० हा आकडा असतो व आपले पत्र पुढे पाठवण्याची परवानगी नाही, अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य असते. दुसऱ्यात सर्व्हरची भेटच होत नाही. आज्ञावली दारावर थाप मारीत राहते, पलीकडून होकारही येत नाही आणि नकारही येत नाही. मिनिटभराने, क्वचित त्याहूनही उशिरा, वेळ संपल्याची सूचना उमटते. भाषांतरकार बाईंनी लॅपटॉप मिटला तो याच शांततेच्या अवधीत. नकार देणारा सर्व्हर निदान सौजन्याने वागतो, असे म्हणावे लागेल.

या कोंडीतून बाहेर काढणारी कल्पना डिसेंबर १९९८ मध्ये 'आरएफसी २४७६' या दस्तऐवजात आली. सर्व्हरांनी आपसांत पत्रांची देवघेव करणे हे एक काम, आणि एखाद्या व्यक्तीने आपले पत्र प्रथम सर्व्हरच्या स्वाधीन करणे हे दुसरे काम, असे तिने स्पष्ट वेगळे केले. पहिल्यासाठी २५ हे दार राहिले. दुसऱ्यासाठी ५८७ हे नवे दार ठरले. पाठोपाठ मार्च १९९९ मध्ये 'आरएफसी २५५४' ने जावक सर्व्हरलाही नाव व पासवर्ड विचारण्याची रीत घालून दिली. आता जावक सर्व्हरही 'आपण कोण?' असेच विचारू लागला. या प्रश्नाचे उत्तर माणसाबरोबर प्रवास करते. शिवाय ५८७ या दारातून ओळख पटल्यावरच प्रवेश मिळत असल्यामुळे, ते बंद करण्याचे कारण जोडणी देणाऱ्या कंपन्यांना सहसा उरत नाही.

पासवर्ड द्यायचा म्हटला की तो वाटेत कोणी पाहू नये, याची तजवीज करावी लागते. एसएमटीपीत पासवर्ड पुष्कळदा अगम्य अक्षरांच्या रूपात जातो खरा, परंतु ते रूपांतर म्हणजे कुलूप नव्हे. कोणत्याही संगणकावर ते क्षणात उलट फिरवता येते. रेल्वे स्थानकावरील किंवा उपाहारगृहातील खुल्या वायफायवर अशा पासवर्डची चोरी करणे अवघड नाही. म्हणून सगळे संभाषण कूटबद्ध करावे लागते. सेटिंगमध्ये याचे दोन पर्याय दिसतात. ५८७ या दारावर संभाषण साधेपणाने सुरू होते आणि मग 'स्टार्टटीएलएस' या आज्ञेने ते कूटबद्ध होते. ४६५ या दारावर ते पहिल्या शब्दापासूनच कूटबद्ध असते. या दुसऱ्या दाराचा इतिहास थोडा गमतीचा आहे. १९९७ मध्ये ते या कामासाठी नोंदले गेले, थोड्याच काळात ती नोंद रद्द झाली, तरीही लोक ते वापरतच राहिले. अखेर जानेवारी २०१८ मध्ये 'आरएफसी ८३१४' ने त्याला पुन्हा मान्यता दिली, इतकेच नव्हे तर त्यालाच पसंती दिली. दोन्ही मार्ग सुरक्षित आहेत. मात्र हे कुलूप केवळ लॅपटॉप आणि पहिला सर्व्हर यांच्यामधल्या वाटेवरचे आहे. पत्र तेथे पोहोचल्यावर उलगडते आणि पुढच्या टप्प्याची व्यवस्था सर्व्हर पाहतात.

आता बाईंच्या लॅपटॉपकडे वळता येईल. ई-मेलच्या आज्ञावलीत खात्याच्या सेटिंगमध्ये आवक सर्व्हर आणि जावक सर्व्हर यांच्या स्वतंत्र नोंदी असतात. आवकेच्या नोंदीला हात लावण्याचे कारण नाही. जावकेच्या नोंदीत सर्व्हरचे नाव आपला ई-मेलचा पत्ता ज्या कंपनीचा आहे त्या कंपनीचेच असावे. तिच्या मदत-पृष्ठावर ते दिलेले असते. पोर्टच्या रकान्यात २५ असेल तर ते खोडून ५८७ लिहावे आणि सुरक्षिततेसाठी 'स्टार्टटीएलएस' निवडावे, अथवा ४६५ लिहून 'टीएलएस' किंवा 'एसएसएल' निवडावे. क्रमांक आणि पर्याय यांची जोडी चुकली तर संभाषण सुरूच होत नाही, आणि हीच चूक सर्वाधिक आढळते. मग 'जावक सर्व्हरला ओळख आवश्यक' अशा अर्थाच्या चौकटीत खूण करावी. जुन्या सेटिंगमध्ये ही चौकट बहुधा रिकामी राहिलेली असते. वापरकर्त्याचे नाव म्हणून पुष्कळ ठिकाणी संपूर्ण ई-मेल पत्ता द्यावा लागतो, केवळ अलीकडचा भाग पुरत नाही.

पासवर्ड बरोबर असूनही ५३५ हा आकडा येऊ शकतो. ओळख पटली नाही, असा त्याचा अर्थ. अलीकडे अनेक सेवा नेहमीचा पासवर्ड अशा आज्ञावल्यांकडून स्वीकारत नाहीत. जीमेलने वैयक्तिक खात्यांसाठी मे २०२२ अखेर ही सवलत बंद केली. अशा वेळी आज्ञावली एक खिडकी उघडून सेवेच्या स्वतःच्या पृष्ठावर प्रवेश करायला सांगते. ती सोय नसेल तर खात्याच्या सुरक्षा विभागातून केवळ त्या आज्ञावलीपुरता वेगळा पासवर्ड तयार करून घ्यावा लागतो. प्रवासात लॅपटॉप हरवलाच, तर हा वेगळा पासवर्ड तेवढाच रद्द करता येतो.

पूर्वी फिरतीवर असणारे लोक दुसरीच युक्ती करीत. ज्या गावी जावे, तेथल्या जोडणी देणाऱ्या कंपनीचा जावक सर्व्हर विचारून घ्यावा, सेटिंगमध्ये तात्पुरता लिहावा आणि परतल्यावर पुन्हा बदलावा. आज ही युक्ती अंगाशी येण्याचा संभव आहे. आपल्या नावाची पत्रे कोणकोणत्या सर्व्हरांवरून निघतात, याची यादी आता ई-मेल सेवा नामसूचीत जाहीर करतात. 'एसपीएफ' नावाची ही पद्धत २००६ मध्ये लिखित स्वरूपात आली आणि २०१४ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. यादीबाहेरच्या सर्व्हरवरून आलेल्या पत्राकडे स्वीकारणारा संशयाने पाहतो. गूगल आणि याहू यांनी तर फेब्रुवारी २०२४ पासून पाठवणाऱ्यांसाठी या प्रकारच्या पडताळणीचे नियम कडक केले आहेत. परक्या सर्व्हरने पत्र घेतले, आपल्याकडे 'गेले' अशी नोंद झाली आणि पुण्यात ते कचरापेटीत पडले, तर आउटबॉक्समधला अडथळा बरा म्हणायची वेळ येईल. तो निदान डोळ्यांना दिसतो.

सर्व सेटिंग बिनचूक असूनही पत्र अडकते, अशी एक परिस्थिती स्थानके, विमानतळ आणि हॉटेले येथे नेहमी उद्भवते. वायफायची खूण पूर्ण दिसते, पण मोबाइल क्रमांक व त्यावर आलेला सांकेतिक अंक दिल्याशिवाय ते जाळे काहीच बाहेर जाऊ देत नाही. म्हणून ई-मेल उघडण्याआधी ब्राउझरमध्ये एखादे पृष्ठ उघडून पाहावे. प्रवेशाचा अर्ज असेल तर तो तेथे दिसतो. याच वेळी आज्ञावली कधी कधी सांगते, की सर्व्हरच्या प्रमाणपत्रावरील नाव जुळत नाही. घाईत असलेला माणूस 'तरीही पुढे जा' हे बटण दाबतो. ते दाबू नये. आपण ज्याला पासवर्ड देणार आहोत तो आपला सर्व्हर नसावा, अशी ती सूचना असते.

जोडलेल्या फाइलींचा आकार हाही प्रवासात जाचणारा विषय आहे. ई-मेलमधून जाताना फाइलीचे अक्षरांत रूपांतर होते आणि तिचा आकार सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो. २० एमबीची फाइल वाटेवर २७ एमबीच्या आसपास होते, आणि जीमेलची मर्यादा २५ एमबीची आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एवढे ओझे चढायला वेळ लागतो. तोवर लॅपटॉप मिटता कामा नये.

ब्राउझरमधून ई-मेल पाहणाऱ्यांना यांतील बहुतेक अडचणी कधीच भेटत नाहीत. साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी 'हॉटमेल' सुरू केले, तेव्हा कोठूनही टपाल पाहता यावे हीच त्यामागची कल्पना होती. तेथे पत्र सेवेच्या स्वतःच्या संगणकावरच लिहिले जाते आणि तेथूनच निघते. लॅपटॉपला एसएमटीपीचे संभाषण करावेच लागत नाही. म्हणून एखाद्या कार्यालयाच्या जाळ्याने ५८७ आणि ४६५ ही दारेही बंद केली असतील, तर त्या वेळेपुरता ब्राउझरचा किंवा मोबाइल हॉटस्पॉटचा आधार घ्यावा. स्वतःची पत्रे स्वतःच्या यंत्रावर जपून ठेवणारे, एकाच खिडकीत तीन-चार खाती सांभाळणारे, किंवा इंटरनेट नसतानाही जुना पत्रव्यवहार चाळणारे लोक मात्र आज्ञावलीच पसंत करतात, आणि भाषांतरकारासारख्या व्यवसायात ते योग्यही आहे.

सेटिंग बदलल्यावर तिची परीक्षा घरातून निघण्यापूर्वीच घ्यावी. घरचे वायफाय बंद करावे, लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडावा आणि एक छोटे पत्र पाठवून पाहावे. मोबाइलची जोडणी वेगळ्या कंपनीची असेल, तर लॅपटॉप घरात असूनही सर्व्हरच्या दृष्टीने परगावी गेलेला असतो. हे पत्र स्वतःच्याच पत्त्यावर मात्र पाठवू नये. आपल्या ग्राहकांच्या नावे आलेले पत्र जावक सर्व्हर परक्याकडूनही स्वीकारू शकतो, त्यामुळे सेटिंग चुकीची असूनही ते पोहोचेल आणि फसवे समाधान मिळेल. दुसऱ्या एखाद्या सेवेवरच्या पत्त्यावर ते पाठवावे, आउटबॉक्स रिकामा झाला आहे आणि 'पाठवलेले' या कप्प्यात पत्राची प्रत आली आहे हे पाहावे, आणि शेवटी ते दुसऱ्या पेटीत खरोखर पडले की नाही, हे ती पेटी उघडून पाहावे.